कामगारांचा विमा : सक्ती कुणावर आणि कशासाठी?

आरोग्यसेवा ही नागरिकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे विकत घ्यावयाची गोष्ट आहे, की शासनाने कायद्याने सर्वांना बांधून घेऊन सर्वांसाठी उभी करावयाची व्यवस्था आहे, हा वाद आपल्याकडे बहुधा परदेशी समजला जातो. अमेरिकेत २०१० साली ओबामा यांच्या शासनाने नागरिकांवर आरोग्यविमा घेण्याचे बंधन घातले. त्यावरून तेथील दोन प्रमुख पक्षांत रण माजले. २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने ते बंधन उचलून धरले आणि २०१७ च्या करकायद्याने त्या बंधनामागचा दंडच शून्यावर आणून ठेवला. मराठी वाचक हे सारे दुरून वाचत आला. परंतु आकुर्डी, चिंचवड वा भोसरी येथील एखाद्या कारखान्यात काम करणाऱ्या कामगाराने आपले पगारपत्रक उलगडून पाहिले, तर त्याच वादाचे एक देशी रूप त्याला एका ओळीत छापलेले आढळेल. भविष्यनिर्वाह निधीच्या कपातीखाली ‘ई. एस. आय.’ अशी तीन अक्षरे असतात आणि त्यांच्यापुढे शंभर-दीडशे रुपयांचा आकडा असतो. हे पैसे द्यावयाचे की नाहीत, हे त्याला कोणी विचारीत नाही. अमेरिकेत ज्या सक्तीवरून निवडणुका लढविल्या गेल्या, ती सक्ती भारतीय कामगारावर १९५२ पासून चालू आहे.

ही सक्ती त्याने आजवर निमूटपणे सोसली, असे मात्र नाही. ‘पैसे कापतात आणि दवाखान्यात औषध नसते’ ही तक्रार औद्योगिक पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहे. या तक्रारीतून दोन अगदी विरुद्ध निष्कर्ष काढता येतात. एक असा, की सक्ती काढून टाकावी व कामगाराला आपला विमा बाजारात निवडू द्यावा. दुसरा असा, की सक्ती अपुरी आहे. ती वाढवून सर्वांना लागू करावी, म्हणजे व्यवस्था सुधारण्याची गरज सर्वांनाच भासेल. गेल्या दशकभरात दिल्लीत आणि मुंबईत झालेल्या निर्णयांची संगती लावावयाची, तर या दोन निष्कर्षांमधील ओढाताण ध्यानी घ्यावी लागते.

आडारकर आणि भोर

या योजनेचा उगम दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. १९४३ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर सोपविण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ साली सादर झाला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासला, त्यात आजारपणाच्या जोडीला बाळंतपण व कामावरील अपघात यांचीही भर पडली आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये राज्य कामगार विमा कायदा संमत झाला. त्याच वर्षीच्या जुलैत ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. पण साम्य येथेच संपते. ब्रिटनने आजारी माणसाला ‘तुझी नोकरी कोठली’ हे विचारणे बंद केले. आपल्या कायद्याने मात्र आजाऱ्याची ओळख त्याच्या नोकरीवरून आणि नोकरीची ओळख तिच्या वेतनावरून पटविण्याची पद्धत घालून दिली.

वस्तुतः दुसरा मार्ग आपल्यासमोर त्याच सुमारास मांडला गेला होता. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली दिलेल्या अहवालात, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे तत्त्व आरंभीच मांडले होते आणि सेवेचा खर्च सर्वसाधारण करांतून भागवावा, असे सुचविले होते. हप्ता भरण्याची ताकदच बहुसंख्य भारतीयांत नाही, ही त्यामागची व्यवहारी जाणीव होती. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक सर साहिबसिंग सोखी यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समितीच्या उपसमितीनेही याच दिशेने विचार केला होता. म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशासमोर दोन आराखडे होते : करांतून चालणारी, सर्वांसाठी असलेली सेवा आणि वर्गणीतून चालणारा, कारखान्यातील कामगारांपुरता विमा. पहिल्याची प्रशंसा झाली आणि दुसऱ्याचा कायदा झाला. वर्गणी गोळा करण्यास पगारपत्रक हे तयार साधन होते. शेतमजुराला पगारपत्रक नव्हते. शासनाने जे सोपे होते ते प्रथम केले, यात दोष देण्यासारखे काही नाही. ती पहिली पायरी ठरावयाची होती. पुढे तीच ओसरी झाली.

त्या वेळचा विरोधही आजच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. योजना प्रथम कानपूर व दिल्ली या दोन ठिकाणी सुरू व्हावयाची होती. तेथील कारखानदारांची हरकत अशी, की आम्ही वर्गणी भरावयाची आणि इतर शहरांतील प्रतिस्पर्ध्यांनी ती भरावयाची नाही, तर आमचा माल महाग पडेल. हरकत खोटी नव्हती. म्हणून १९५१ साली कायद्यात दुरुस्ती करून, योजना जेथे अद्याप पोचलेली नाही तेथील मालकांकडूनही काही प्रमाणात खास वर्गणी घेण्याचे ठरले आणि मग २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपूर येथे योजनेचे उद्‌घाटन झाले. सक्ती थोड्यांवर लादली तर ती अन्याय्य भासते आणि सर्वांवर लादली तर सुसह्य होते, हा धडा त्या दुरुस्तीतच होता. मालकांच्या बाबतीत तो गिरविला गेला. कामगारांच्या बाबतीत मात्र वेतनाची मर्यादा घालून त्यांच्यात दोन वर्ग पाडण्यात आले आणि त्या मर्यादेचे परिणाम अजूनही भोगावे लागत आहेत.

एकवीस हजारांची भिंत

आकुर्डीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. शेजारच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषधांचा कारखाना स्थापन झाला आणि देशात पेनिसिलीन बनू लागले. पुढच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने या माळरानावर भूखंड आखले. बजाज ऑटोसारखे कारखाने मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला उभे राहिले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही गावे मिळून नवनगरपालिका झाली आणि १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. या काळात येथे आलेला कामगार हा सातारा, सोलापूर, अहमदनगर, मराठवाडा व खानदेशातून आलेला, वडिलोपार्जित तुकड्यावर पोट भरत नाही म्हणून निघालेला तरुण होता. त्याच्या घरात डॉक्टरची फी ही सावकाराच्या दारी नेणारी बाब होती. त्याच्या हाती विम्याचे कार्ड पडले, बायकोचे बाळंतपण आणि आईवडिलांचे औषधपाणी त्या कार्डावर होऊ लागले, ही गोष्ट लहान नव्हती. मोहननगरचे कामगार विमा रुग्णालय हे त्याच काळाचे अपत्य होय.

मूळ कायद्यात ज्याचे वेतन महिना ४०० रुपयांपर्यंत आहे, तोच या विम्यात येत असे. महागाई व वेतने वाढत गेली तशी ही मर्यादा वाढविण्यात आली. २००६ साली ती १०,००० रुपये, २०१० साली १५,००० रुपये आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये झाली. मर्यादा वाढविताना दर वेळी वर्षानुवर्षे घोळ घातला गेला. दोन वाढींच्या मधल्या काळात ज्यांची वेतने करारान्वये वाढत गेली ते कामगार एकेक करून योजनेबाहेर फेकले गेले. संघटित, कायम नोकरीतील, वेतनकरार पदरात पाडून घेणारा कामगार हा योजनेतून सर्वांत आधी बाहेर पडतो. तोच बोलका असतो, तोच कामगार संघटना चालवितो, तोच रुग्णालयात डॉक्टर जागेवर नाही म्हणून निवेदन देतो. तो कंपनीच्या गट विम्यात गेला की मागे राहतो तो कंत्राटी मजूर, शिकाऊ उमेदवार, सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक. त्याची तक्रार असते, पण ती ऐकवावयास त्याच्यापाशी वेळ नसतो आणि ठेकेदाराची भीती असते. कारखान्यांचे स्वरूपही बदलले. बजाज ऑटोने २००७ साली आकुर्डीतील वाहन उत्पादन थांबविले; उद्योगाचा भर चाकणकडे सरकला आणि नव्या कारखान्यांत कायम कामगारांच्या तुलनेत कंत्राटी हात वाढले. अशा रीतीने एके काळी साऱ्या कामगारवर्गाची असलेली योजना त्यातील सर्वांत दुबळ्या थराची योजना बनली. जी सेवा केवळ गरिबांसाठी उरते तिची देखभाल करण्याची निकड कोणालाच वाटत नाही, हे केवळ विमा रुग्णालयांतच नव्हे, तर महापालिकेच्या शाळांतही दिसून आलेले आहे. शिक्षकवर्गाला हे वेगळे सांगावयास नको.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कामगाराचे वेतन बरोबर २१,००० रुपये आहे. २०१९ च्या जुलैपासून लागू झालेल्या दरांप्रमाणे त्याच्याकडून पाऊण टक्का म्हणजे १५८ रुपये आणि मालकाकडून सव्वातीन टक्के म्हणजे ६८३ रुपये, अशी ८४१ रुपयांची वर्गणी दरमहा जमा होते. त्या मोबदल्यात त्याला, त्याच्या पत्नीला, मुलांना आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांना वैद्यकीय सेवा मिळते व तिच्या खर्चाला कायद्याने वरची मर्यादा नाही. तो आजारी पडला तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षय, कर्करोग यांसारख्या दीर्घ व्याधींत ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. स्त्री कामगाराला २६ आठवड्यांची सवेतन प्रसूतिरजा मिळते. आता या कामगाराला ५०० रुपयांची पगारवाढ मिळाली. चालू वर्गणीचा सहामाही काळ संपला की तो योजनेबाहेर जातो. त्याच्या हाती वाढलेले ५०० आणि न कापलेले १५८ असे दरमहा साडेसहाशे रुपये येतात. एवढ्यात त्याच्या मधुमेही आईला सामावून घेणारी पॉलिसी त्याला कोणती कंपनी देईल? दिलीच, तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावयास लावण्याची मुभा विमा कंपन्यांना आहे. आजारपणात बुडणाऱ्या रोजाचे पैसे तर बाजारातील साधी आरोग्य पॉलिसी देतच नाही. पगारवाढ ही ज्याच्या घरात आपत्ती होऊन येते असा हा नमुना आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महामंडळाने, मर्यादा ओलांडल्यामुळे बाहेर गेलेल्या आणि ३०,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर निवृत्त झालेल्या जुन्या विमेदारांना काही अटींवर निवृत्तीनंतर वैद्यकीय सेवा देण्याचे ठरविले; त्याअर्थी भिंत चुकीच्या जागी उभी आहे हे महामंडळानेच एका परीने मान्य केले म्हणावयाचे.

ओलीस की ग्राहक?

या योजनेवरील आजवरचा सर्वांत मर्मभेदी हल्ला संसदेत झाला आणि तो अर्थमंत्र्यांनी केला. २०१५-१६ चे अंदाजपत्रक मांडताना अरुण जेटली यांनी, भविष्यनिर्वाह निधी आणि कामगार विमा यांच्यापाशी ग्राहक नसून ओलीस आहेत, असे म्हटले जाते, या आशयाचे उद्‌गार काढले आणि कामगाराला राज्य विमा अथवा विमा नियामकाची मान्यता असलेली खासगी आरोग्य पॉलिसी यांतून निवड करण्याची मोकळीक देण्याचा प्रस्ताव मांडला. जमा होणाऱ्या वर्गणीच्या मानाने कामगारांवर होणारा खर्च कमी, हा त्यांचा मुद्दा होता आणि त्यात तथ्य होते. एकीकडे महामंडळाचा राखीव निधी वाढत जात असताना दुसरीकडे दवाखान्यांत औषधांची वानवा असावी, हे दृश्य कोणत्याही समर्थकाला शोभणारे नव्हते. डाव्या संघटनांपासून सत्ताधारी पक्षाशी वैचारिक नाते सांगणाऱ्या भारतीय मजदूर संघापर्यंत साऱ्यांनी या प्रस्तावाला विरोध केला आणि तो बारगळला.

विरोध योग्य होता. परंतु त्याची कारणे पुरेशी समजावून सांगितली गेली नाहीत. विम्याचे गणित सोपे आहे. शंभर माणसांत आजारी पडणारी दहा असतील, तर नव्वदांच्या हप्त्यांतून दहांचा खर्च निघतो. निवड ऐच्छिक केली की सर्वप्रथम बाहेर पडतात ती पंचविशीतली, धडधाकट, एकटी माणसे. कारण त्यांना खासगी पॉलिसी स्वस्त पडते. मागे राहतात ती वयस्क, आजारी आणि मोठ्या कुटुंबांची माणसे. तेवढ्यांच्या वर्गणीत खर्च भागत नाही, म्हणून एक तर वर्गणी वाढते नाही तर सेवा खालावते आणि मग उरलेल्यांतलेही चार बाहेर पडतात. ओबामांच्या कायद्यात सक्तीचे कलम घालावे लागले ते याच कारणास्तव. विमा कंपन्यांनी कोणाही आजारी माणसाला नाकारावयाचे नाही, अशी अट घातल्यावर निरोगी माणसालाही आत ओढणे भाग होते. बिस्मार्कच्या जर्मनीने १८८३ साली कामगारांचा आजारविमा सक्तीचा केला, तो काही समाजवादाच्या प्रेमाने नव्हे. समाजवाद्यांवर मात करणे हा तर त्याचा उघड हेतू होता. सक्तीशिवाय असा विमा उभाच राहत नाही, एवढा हिशेब त्या कसलेल्या मुत्सद्द्याला येत होता.

मात्र जेटलींचा प्रस्ताव परतवून लावल्यावर कामगार संघटनांनी काय केले, हा प्रश्न विचारावयास हवा. योजना वाचविण्यासाठी निदर्शने झाली. रुग्णालये सुधारण्यासाठी तेवढी चिकाटी फारशी कोठे दिसली नाही. वेतनकराराच्या वाटाघाटींत गट विम्याची रक्कम वाढवून घेणे हा यशाचा मापदंड ठरला. महामंडळाच्या प्रशासनात मालक, कामगार, केंद्र व राज्ये अशा सर्वांना प्रतिनिधित्व आहे. तेथे बसणाऱ्या कामगार प्रतिनिधींनी आपल्या भागातील दवाखान्याचा हिशेब कामगारांसमोर ठेवल्याची उदाहरणे शोधावी लागतात. खुद्द शासनाने तर प्रश्न उलट्या टोकाने सोडविला. सेवा वर्गणीच्या तोडीची करण्याऐवजी २०१९ साली वर्गणीच साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणली. या कपातीचा मोठा वाटा कोणाच्या खिशात गेला, हे पाहण्यासारखे आहे. कामगाराचा दर एक टक्क्याने उतरला आणि मालकाचा दीड टक्क्याने.

दुखण्याचे एक कारण प्रशासकीय आहे आणि ते राजकीय भाषणांत सहसा येत नाही. वर्गणी केंद्रीय महामंडळ गोळा करते, परंतु बहुतेक ठिकाणी वैद्यकीय सेवा चालविण्याची जबाबदारी राज्य शासनाची असते. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या खर्चाचे सात अष्टमांश महामंडळ सोसते आणि एक अष्टमांश राज्य. ज्याच्या हाती पैसा आहे त्याच्या हाती डॉक्टरांच्या नेमणुका नाहीत आणि ज्याच्या हाती नेमणुका आहेत त्याला त्या भरण्याची घाई नाही. जागा रिकामी राहिली तर राज्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे. तो रांगेत उभा राहतो त्या दिवसाचा त्याचा रोज बुडतो आणि म्हणून तो नाक्यावरच्या खासगी दवाखान्यात पदरचे दोन-तीनशे रुपये देऊन मोकळा होतो. त्याच्या नावावर झालेला खर्च मग साहजिकच कमी दिसतो आणि त्याच आकड्यावरून ‘योजनेचा कोणी लाभ घेत नाही’ असे अनुमान निघते! न्यायालयांनी मात्र या माणसाला ओलीस मानलेले नाही. विमा रुग्णालयातील हलगर्जीपणाबद्दल विमेदार ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली किशोरीलाल यांच्या प्रकरणात दिला. वर्गणी दिल्यावर सेवा ही मेहेरबानी उरत नाही, हे त्याचे तात्पर्य. निकालाला इतकी वर्षे उलटली, तरी कारखान्यांच्या फाटकांवर तो कोणी वाचून दाखविल्याचे ऐकिवात नाही.

दुसरे कार्ड

सक्ती वाढवावी, म्हणजेच सर्वांना कवच द्यावे, या दुसऱ्या विचाराला गेल्या काही वर्षांत निराळ्या मार्गाने बळ आले. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली व पुढच्या वर्षी ती राज्यभर नेण्यात आली. सत्ता बदलल्यानंतर २०१७ पासून ती महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. नाव बदलल्याने रुग्ण बरा होत नाही. पण योजना मोडीत काढण्याऐवजी नामांतरावर भागले, हेही नसे थोडके. केंद्राची पाच लाख रुपयांपर्यंतची आयुष्मान भारत योजना २०१८ च्या सप्टेंबरात आली आणि तिचे भवितव्य पक्षांच्या भांडणात अडकले. पश्चिम बंगाल २०१९ च्या जानेवारीत तिच्यातून बाहेर पडला. ओडिशा व दिल्ली यांनी तिच्यात प्रवेश केला तो २०२५ साली, दोन्हीकडे सत्तांतर झाल्यावर. महाराष्ट्राने २०२० साली दोन्ही योजनांची सांगड घातली. कोरोनाच्या साथीत राज्यातील सर्व नागरिकांना त्यांत सामावून घेतले आणि २०२३ साली हाच निर्णय कायमस्वरूपी करून कवच दीड लाखांवरून पाच लाखांवर नेले. १ जुलै २०२४ पासून ते अमलात आले. साथ दाराशी आल्यावर वेतनाची मर्यादा कोणाला आठवली नाही, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

तेव्हा आकुर्डीच्या कामगाराच्या खिशात आता एकाऐवजी दोन कार्डे असू शकतात. कागदावर हे समाधानकारक आहे. परंतु ही दोन कार्डे एकमेकांची जागा घेणारी नाहीत, हे विसरले जाते. दुसरे कार्ड चालते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर, यादीतील उपचारांसाठी आणि यादीतील रुग्णालयांत. ताप, खोकला, पाठदुखी, रक्तदाबाची रोजची गोळी, यंत्रावर काम करून अधू होत चाललेला कान, यांना त्यात स्थान नाही. आजारपणात बुडणाऱ्या रोजाची भरपाई नाही. बाह्यरुग्ण विभागात वेळीच पकडला असता तर जो आजार शस्त्रक्रियेपर्यंत गेलाच नसता, त्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च हे कार्ड देते. आडारकरांच्या आराखड्यात दवाखाना, औषध, रजेचे वेतन आणि अपंगत्वाचे निवृत्तिवेतन एका साखळीत गुंफलेले होते. नव्या योजनांनी त्या साखळीतील एकच कडी, अर्थात सर्वांत खर्चिक आणि सर्वांत दिखाऊ कडी, उचलून सर्वांच्या गळ्यात घातली आहे.

खासगी डॉक्टरांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ठरवून दिलेले दर परवडत नाहीत आणि देयके महिनोन्‌महिने अडकून पडतात, ही त्यांची तक्रार केवळ लोभापोटी आहे असे म्हणता येणार नाही. २०२३ च्या मार्चमध्ये राजस्थानने आरोग्याचा हक्क देणारा कायदा केला, तेव्हा तातडीच्या उपचारांचे पैसे कोण व केव्हा देणार, याच मुद्द्यावर तेथील डॉक्टर संपावर गेले आणि शासनाला तडजोड करावी लागली. ब्रिटनमध्ये १९४८ पूर्वी वैद्यक संघटनेने राष्ट्रीय सेवेला केलेला विरोध याहून कडवा होता. आरोग्यमंत्री अ‍ॅन्युरिन बेव्हन यांनी तो मोडला तो मुख्यतः भरघोस मोबदल्याच्या बळावर. आपल्याकडे हक्काची घोषणा आधी होते आणि तिजोरी मागाहून उघडली जाते, किंवा उघडली जात नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने शासकीय आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ साली, म्हणजे साथीच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट आपल्या खिशातून भरली. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते, त्या मानाने ही घट स्वागतार्ह आहे.

पिंपरी-चिंचवडच्या बाबतीत आणखी एक विसंगती आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य शासनाने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य केले. पण या उद्योगनगरीचा खरा भार वाहते ते महापालिकेचे साडेसातशे खाटांचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि महापालिकेची आकुर्डी, थेरगाव, भोसरी येथील रुग्णालये. ती त्या विभागाच्या अखत्यारीत नाहीत, म्हणून तो निर्णय त्यांना आपोआप लागू झाला नाही. एका कामगाराच्या आरोग्यावर केंद्रीय महामंडळ, राज्याचे दोन विभाग, महापालिका आणि विमा कंपनी एवढ्यांचा हक्क आहे, परंतु यांपैकी एकाचीही त्याच्याबद्दल संपूर्ण जबाबदारी नाही. शेजारी-शेजारी असलेल्या विमा रुग्णालयातील खाटा आणि महापालिकेच्या रुग्णालयातील गर्दी यांचा एकत्र विचार करण्याचा अधिकार असलेले कार्यालय या नगरीत अस्तित्वात नाही. २०१८-१९ च्या सुमारास महामंडळाने आपली कमी वापरातील रुग्णालये अल्प शुल्कात इतरांसाठी खुली करण्याचे ठरविले आणि २०२४ च्या अखेरीस विमेदारांना आयुष्मान भारतच्या यादीतील रुग्णालयांत, खर्चाची मर्यादा न घालता, उपचार मिळावेत असे सूत्र पुढे आणले. दोन्ही पावले योग्य दिशेची आहेत. त्यांतून सर्वांची वर्गणी, सर्वांचा कर आणि सर्वांची रुग्णालये असा एकच आराखडा उभा राहू शकतो. भोर आणि आडारकर यांची गाठ घालून देण्याचे जे काम तेव्हा राहिले, ते असे मागील दाराने होत असेल तर होवो.

तोवर वेतनमर्यादेचा प्रश्न मात्र थांबवून ठेवण्याचे कारण नाही. १९४८ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. धोक्याच्या उद्योगांत एकच कामगार असला तरी विमा लागू करण्याची तरतूद तिच्यात आहे, घरपोच माल पोचविणाऱ्यांसारख्या नव्या प्रकारच्या श्रमिकांचाही तिच्यात उल्लेख आहे. वेतनाची कमाल मर्यादा मात्र संहितेत लिहिलेली नाही. ती केंद्र शासनाने अधिसूचनेद्वारे ठरवावयाची आहे. म्हणजे ती वाढविण्यासाठी, किंवा महागाई निर्देशांकाशी कायमची जोडून टाकण्यासाठी, संसदेत नवे विधेयक आणण्याची, राज्यांची संमती मिळविण्याची वा निवडणूक जिंकण्याची आवश्यकता नाही. मर्यादा ओलांडणाऱ्या कामगाराची वर्गणी मर्यादेपुरत्या वेतनावर कापावी आणि त्याला आतच ठेवावे, एवढा साधा उपायही पुरेसा आहे. भविष्यनिर्वाह निधीत मर्यादा ओलांडलेल्या जुन्या सभासदाचे सभासदत्व अशाच रीतीने टिकते. २०१० नंतरची वाढ होण्यास २०१७ उजाडावे लागले. त्या सात वर्षांत किती कामगार बाहेर गेले, याचा हिशेब महामंडळाच्या संगणकात असणार. तो जिल्हावार प्रसिद्ध करावा, अशी मागणी कामगार संघटनांनी एकदा तरी करून पाहावी.